तांदळातलं नाव

१४ मे १९३५, परतूर

माझं नाव झुंबर. कोऱ्या वहीवर आधी आपलं नाव घालावं आणि मग बाकीचं, ही अण्णांची शिस्त, म्हणून घातलं. काळ्या पुठ्ठ्याची ही वहीही त्यांचीच भेट. मुलीला सासरी पाठवताना शालू सगळेच देतात, वही फक्त देऊळगाव राजाचे हेडमास्तर देतात. नाव आजीनं हौसेनं ठेवलं. शाळेत मुली 'अंधार पडला गं, झुंबर लावा' म्हणून चिडवायच्या. मला ते आवडायचं, पण तसं दाखवायचं नसतं.

काल जालन्याला आगगाडीत बसलो आणि परतूरला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. इथं निजामाचा अंमल, स्टेशनच्या पाटीवर उर्दू अक्षरं सगळ्यांत वर. आमच्या मामंजींची, म्हणजे रामरावांची, इथं कापसाची अडत आहे. घर ऐसपैस आहे. पुढं ओसरी, मागं परसात विहीर, परसाची भिंत कमरेएवढी. भिंतीपलीकडे मैमूनाभाभी म्हणून शेजारीण आहे, तिनं मला बघताक्षणी 'मास्तरांची पोरगी ना? बराबर वळखलं' असं म्हणून वाटीभर शिरा दिला. तिचा नवरा मामंजींकडे मापाडी आहे.

माप ओलांडलं, लक्ष्मीपूजन झालं. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहायचं असतं, ते मात्र राहिलं. सासूबाई म्हणाल्या, ह्यांच्या उजव्या हाताला मार बसलाय, बरा झाला की स्वतःच लिहील. तसंच तांदळाचं ताट हळदीच्या फडक्यानं झाकून त्यांनी देवाच्या फळीवर ठेवलं. तोवर मी नुसती सूनबाई. मला काही घाई नाही.

हे दिसायला फार छान आहेत. साऱ्या विधीत तीनदा 'हो' म्हणाले, बाकी गप्प. लाजरा नवरा मिळाला म्हणायचा!

नणंद नंदावन्सं एकोणीस वर्षांच्या आहेत, सासरहून परत आलेल्या. कालपासून त्यांनी मला चारदा विचारलं, कुठल्या तुम्ही, नाव काय तुमचं. फार अदबीनं विचारतात. मी चारही वेळा सांगितलं, झुंबर, देऊळगाव राजाची. त्या दरवेळी खूश होतात. 

१७ मे

आम्हाला फसवलं. सरळ लिहिते, फसवलं.

अण्णांना सांगितलं होतं, मुलाला थोडा मार बसलाय. थोडा! दोन वर्षांपूर्वी स्टेशनच्या मालधक्क्यावर हे माल मोजत उभे होते आणि रुईच्या गठाणींची थप्पी अंगावर आली. जालन्याच्या दवाखान्यात अकरा आठवडे होते. डाव्या कानाच्या वर बोट जाईल एवढी खोक आहे, आता केस वाढवून झाकलेली. उजवा हात लुळा नाही पण मेणासारखा. आणि बोलणं गेलं. सगळं समजतं, बोलता येत नाही. एकच शब्द उरला, 'हो'. आणि एक शिवी, ती मात्र अगदी खणखणीत येते. सासूबाई म्हणतात, पोरानं जन्मात शिवी दिली नव्हती.

भाकरी थापता थापता त्यांनी मला हे सांगितलं. म्हणाल्या, 'लगीन झालं की बोलल म्हणले समदे. आन् तू शिकलेली. तू शिकीव.' म्हणजे मला सून म्हणून नाही, औषध म्हणून आणलंय. मी परसात जाऊन रडले. संतापानं रडले, दुःखानं नाही, हे नोंदवून ठेवते.

परत आले तर हे ओसरीवर बसले होते. माझे डोळे बघितले आणि स्वतःच्या डोक्यावर डाव्या हातानं चापट मारून घेतली. पुन्हा पुन्हा. मला त्यांचा हात धरावा लागला.

२९ मे

शिकवते आहे. शिकवते म्हणजे भिंतीशी बोलते. घागर समोर ठेवते, त्यांचा हात बुडवते, पाणी म्हणा म्हणते. ते म्हणतात, हो. 'हो' नव्हे, पाणी. हो. काल चिडून विचारलं, तुम्ही बैल आहात का? हो. मी विलायतची राणी आहे का? हो. मग मलाच हसू फुटलं आणि तेही हसले, डोळ्यांतून धार लागेस्तोवर हसले. हसणं थांबेना. मग त्याचंच रडू झालं, आणि मग पाटी भिंतीवर फेकली. तुकडे मीच गोळा केले.

शेजारी कांडण सुरू झालं की ते कान दाबून कोपऱ्यात जातात. थोडं शिकवलं की थकून झोपतात. सकाळी सांगितलेलं दुसऱ्या सकाळी आठवत नाही, मीच कोण ते सोडून बाकी सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि सासूबाई! त्यांना काही विचारलं की ह्याच उत्तर देतात. त्यांनी तोंड उघडायच्या आत घास घालतात. मी म्हटलं, त्यांना मागू तरी द्या. तर म्हणाल्या, 'दोन साल झाले मागून राह्यलंय लेकरू, तुला आज दिसलं?' मला आणखी राग आला.

नंदावन्सं रोज सकाळी ओसरीवर येऊन विचारतात, कुठल्या तुम्ही, नाव काय तुमचं. मी सांगते. हेही तिथंच बसलेले असतात. दिवसभरात माझं नाव माझ्या कानांवर पडतं ते तेवढंच. सासूबाई म्हणतात, नंदा लहानपणापासून अशीच आहे.

९ जून

बोलले! पाणी म्हणाले!

मी तर नादच सोडला होता. घागर घेऊन चालले होते आणि मागून आवाज आला. जाड, अडखळत, पण स्पष्ट. पाणी. मी घागर टाकली, पाय भिजले, सासूबाई धावत आल्या. त्यांनी पुन्हा म्हणून दाखवलं. सासूबाईंनी माझी दृष्ट काढली, त्यांची नव्हे, माझी. मामंजींनी गल्लीत पेढे वाटले. मला वाटलं, अण्णा इथं असते तर! एवढा शाळेतला पहिला नंबर आला तेव्हाही मी अशी फुगले नव्हते.

१० जून

आज एक गंमत झाली. गंमतच म्हणायची. सकाळी तहान लागली म्हणून नंदावन्संना म्हणणार, मला जरा ते द्या. कोणतं ते? शब्दच येईना. विहिरीतलं, घागरीतलं, प्यायचं. घशात अडकलं असं नाही, डोक्यातच नाही. शेवटी बोटानं घागर दाखवली.

उन्हाचा ताप असेल. कालचं पान उघडलं, तिथं तो शब्द माझ्याच अक्षरात दोनदा लिहिलाय. अक्षरं दोन्ही ओळखीची आहेत. शेजारी शेजारी वाचली की काहीच होत नाही.

२६ जून

गंमत नाही ही.

ह्या पंधरवड्यात ते मीठ म्हणाले, चूल म्हणाले, दार म्हणाले. दार तर आजच, दुपारी. तो शब्द अजून माझ्याकडे आहे, म्हणून लिहून घेते. उद्या सकाळी नसेल. बाकीचे दोन मी आत्ता सासूबाईंच्या तोंडून ऐकून, आवाजावरून अक्षरं मांडलीत. मला ते काही सांगत नाहीत.

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावून बघितला, काढा दिला, नवी नवरी आहेस, होतं असं म्हणाल्या. माझ्याकडे मात्र बघितलं नाही. मामंजी म्हणाले, आराम कर, शिकवणं मात्र सोडू नको. कुणी ऐकूनच घेत नाही! आमटी आळणी झाली, तर हातवारे करून मला ते पांढरं मागावं लागलं. हे धावत गेले, आणून दिलं, आणि मला शिकवावं तसं नाव सांगितलं. केवढे खूश होते.

८ जुलै

आज त्यांनी आई म्हटलं.

सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या आणि उठल्याच नाहीत. त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरून 'पुन्यांदा म्हण, पुन्यांदा म्हण' एवढंच चाललं होतं. ते म्हणत राहिले. बघून कुणाच्याही डोळ्यांत टचकन येईल. माझ्याही आलं. मग एकदम ध्यानात आलं की हा शब्द आज इथं आहे.

झोपू नये असं वाटतंय. देऊळगावचं अंगण, वेणी घालणारे हात. आई आई आई आई आई. वीसदा लिहिलं तर राहील का?

९ जुलै

राहिला नाही. वरच्या ओळीत तेच तेच काहीतरी लिहिलंय.

ती जिनं मला जन्म दिला. वेणी घालायची ती. चेहरा आहे डोळ्यांसमोर. हाक नाही.

२७ जुलै

शिकवणं बंद केलं पंधरा दिवसांपूर्वी. उपयोग नाही. आता ते आपले आपणच शिकतात. पाटी काखेत, दिवसभर वस्तूंना बोट लावत हिंडतात आणि नवा शब्द आला की पळत मलाच दाखवायला येतात. दरवाजावरच्या कुत्र्यासारखी मी आता त्यांच्या पावलांच्या आवाजानं दचकते. आणि आता दुसऱ्या दिवसापर्यंतही थांबत नाही. ते म्हणतात, आणि गेलं.

पंचमीला माहेरहून मला न्यायला मुराळी येईल आणि मी निघून जाईन, एवढ्यावर दिवस काढत होते. आज अण्णांचं पत्र आलं. मुराळी पाठवत नाहीत! सासूबाईंनी निरोप दिला होता म्हणे, सुनेच्या शिकवण्यानं मुलगा बोलायला लागलाय, आता खंड नको. अण्णांना केवढा अभिमान. वर लिहितात, तुझ्या मागच्या पत्रात पुष्कळ शब्द गाळलेस, मुली, घाईत लिहू नये. गाळलेल्या जागा त्यांनी तांबड्या शाईनं भरून माझं पत्र मलाच परत पाठवलंय. वाचून पाहिलं. तांबडे शब्द तेवढे वाचता येत नाहीत.

ओसरीवर ते काड्या मांडून मोजायला शिकताहेत. मामंजी शिकवताहेत. वीसपर्यंत

ऑगस्ट. मंगळवार

तारीख घालता येत नाही. काड्या मांडून बघितल्या. काड्याच दिसतात.

आज मैमूनाभाभीला भिंतीशी गाठून सगळं सांगितलं. ती वेड्यात काढेल वाटलं होतं. तिनं आधी मागं वळून बघितलं, मग बोलली. नंदा अशी नव्हतीच म्हणे. 'बिलकुल न्हाई. अख्ख्या गल्लीला नावानं हाका मारायची ती. भाऊ दवाखान्यातून आल्ता तवा त्याला कोणाची वळख न्हवती, मायची भी न्हाई. नंदा माहेरी येऊन राह्यली, रोज त्याच्याम्होरं माणसं आणून बसवायची, हा कोण, ती कोण. त्याला समदी वळख आली. मंग नंदाचा नवरा न्यायला आला, तर ती त्याला पुसते, कुठले तुम्ही.'

म्हणून रोज सकाळी विचारतात. मला हसू यायचं त्याचं.

बुधवार

सासूबाईंना तोंडावर विचारलं. तुम्हाला माहीत होतं?

डाळ निवडत होत्या. नाकारलं नाही. म्हणाल्या, नंदाचं त्यांना मध्येच कळलं होतं. 'कळलं तवा थांबवता आलं असतं. त्याच दिशी त्यानं मला वळखलं व्हतं. पोटच्या पोरीसाठी थांबले न्हाई मी, तुझ्यासाठी कशी थांबू? तूच सांग.' मग रडल्या. मग पुन्हा निवडायला लागल्या. मी सूप भिरकावलं. सारी डाळ अंगणात. त्या वेचत बसल्या आणि नंदावन्सं त्यांना मदत करायला आल्या. परक्या बाईला करावी तशी.

गुरुवार

आता त्यांनाच सांगितलं. ह्यांना. समोर बसवून, वही उघडून, पानं दाखवून. तुम्ही म्हणालात की माझं जातं. कितीदा सांगितलं. आधी हसत होते. मग समजलं.

तोंडावर तळवा दाबून बसले. घट्ट. डोळे वाहत होते. दिवसभर काढला नाही. जेवतानाही शब्द नाही. माझा जीव किती हलका झाला कसं लिहू. ह्या माणसावर माझा जीव आहे, हे मला आज कळलं.

शनिवार

अजून गप्प आहेत. सकाळी उठल्या उठल्या वही दाखवून पुन्हा सांगते, की तळवा पुन्हा तोंडावर. काही गेलं नाही. गेलेलं परत नाही, पण नवं गेलं नाही.

सासूबाईंनी अन्न सोडलंय. लेकरू बोलल तेव्हाच खाईन. लेकासमोर आपलं ताट सरकवून बसतात. ते माझ्याकडं बघतात, सासूबाईंकडं बघतात, माझ्याकडं. मामंजी मला ओरडले. तूच त्याचं तोंड बांधलंस.

रविवार

सकाळी उठले आणि आपला तळवा तोंडावरून काढून बघत बसले. हा इथं का, असं. विसरले. त्यांचं डोकं असंच आहे, सकाळी पाटी कोरी. मी वही घेऊन धावले, पुन्हा सांगणार होते. तेवढ्यात सासूबाईंनी ताट पुढं केलं आणि ते त्यांना खायला सांगत म्हणाले, —, —

मग दिवसभर बोलत होते. मुसळधार. मी कान झाकून परसात बसले. कान झाकून काही होत नाही.

आज

वार पण —

मला म्हणायचं होतं, पुरे, आता बोलू — . तो शब्द. समोरच्याला अडवायचा. लहान पोर पण म्हणतं. तो त्यांनी, मी त्यांना भाजी वाढत असताना, वापरला. आता सासूबाई म्हणतात तसं मी करते. अडवायला काही नाही माझ्याकडं. मान हलवते, त्यांना वाटतं डास.

आज

अण्णांना पत्र लिहिलं. मला न्या. — ला न्या. जिथं मी जन्मले तिथं. — इथं — संपतंय —

मैमूनाभाभी टाकते म्हणाली. अण्णा तांबडी शाई काढतील. गाळलेल्या जागा भरतील.

आज

ताट काढलं. फळीवरचं. फडकं झटकलं, तांदूळ पिवळे पडलेत. ते लिहू शकतात आता, वाकडं, पण लिहितात. उद्या अंगठीनं लिहायचं. सासूबाईंनी नाव ठरवलंय, सगुणा. 

बरं वाटलं. खरंच. सगुणा घेऊ देत त्यांना. ती मी नव्हेच. माझं वहीच्या पहिल्या पानावर आहे. रोज उघडते, वाचता येतं. रोज सकाळी नंदावन्सं विचारतात तेव्हा सांगते, मोठ्यानं सांगते. बाकी सगळं गेलं तरी ते —

मोठ्यानं. ओसरीवर. हे शेजारी असतात.

आज. दुपार

पाटी घेऊन आलेत. उद्याचा सराव. माझ्यासमोरच बसले, मला दाखवायला. मी लिहिते आहे, तेही लिहिताहेत.

स नाही काढला.

स असा नसतो.

झ.

सासूबाई म्हणताहेत, सगुणा लिही रे. ते मान हलवतात, म्हणतात ते, जे मला म्हणता येत नाही. माझ्याकडं बोट करतात. हिचं. हिचंच लिहिणार. रोज ऐकलंय त्यांनी. माझं मला द्यायचं आहे त्यांना. किती मायेनं बघताहेत, देवा. सांगितलेलं काही आठवत नाही त्यांना. त्यांच्या तोंडावर माझा — ठेवला, दाबला. लाजले असं वाटलं त्यांना. हसून बाजूला केला.

अनुस्वार दिला. ब. र.

पुसलं मी. पुन्हा काढलं. पुसलं. पुन्हा.

आता वाचून दाखवणार. ओठ —

म्हणाले.

सासूबाई रडताहेत आनंदानं. पाटी माझ्या मांडीवर. पहिलं पान उघडलं. ओळ आहे. अक्षरं ओळखीची आहेत.

नंदावन्सं आल्या. समोर बसल्या. हसून विचारताहेत, कुठल्या तुम्ही. देऊळगाव राजाची, मी म्हटलं. नाव काय तुमचं, म्हणतात. वाट बघताहेत.

माझं नाव —